ओटीपी कुणीच मागितला नाही

आटपाडीकडच्या एका गावात आमचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या सबमर्सिबलची कॉइल काढताना भाच्यानं व्हिडिओ केला आणि तिथून यूट्यूब चॅनेल सुरू झालं. जाहिरातींचे पैसे सुरू व्हायला हजार सबस्क्रायबर अन् बारा महिन्यांत ४,००० तास वॉचटाइम लागतो, एवढं जमवायला दीड वर्ष गेलं. मग महिन्याला नऊ-दहा हजार यायला लागले. दुकानाचं भाडं आणि लाइटबिल त्यातनं निघायचं.

मार्चमध्ये एक मेल आला. व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचं मिनिटभर नाव घ्यायचं, २५,००० रुपये. माझ्या दोन व्हिडिओंचा नावानिशी उल्लेख होता, त्यानं जरा हवेत गेलो. चाळीस सांगून बघितले, तासाभरात 'चालेल' म्हणून उत्तर. इथंच पाल चुकचुकायला हवी होती. आमच्याकडं कपॅसिटरवाला दोन हजारांच्या जाहिरातीसाठी तीन दिवस घासाघीस करतो, वर चहा माझाच पितो.

मग करारपत्र आलं. झिप फाइल, पासवर्ड मेलमध्येच. मला वाटलं, माणसं जपून काम करणारी दिसतात. खरं कारण नंतर कळलं: पासवर्ड घातला की अँटिव्हायरसला आत बघताच येत नाही. आत पीडीएफचं चित्र असलेली फाइल, ७०० एमबीच्या वर. दोन पानांचा करार, ७०० एमबी! नावाच्या शेवटी डॉट एससीआर होतं, म्हणजे चालणारा प्रोग्रॅम. पण विंडोज ती शेपटी आपणहून दाखवत नाही. डबल क्लिक केलं. काहीच उघडलं नाही. मी जेवायला गेलो.

रात्री नऊला गिऱ्हाइकाचा फोन. "मिस्त्री, तुमच्या चॅनेलवर कोण इंग्रजीत लाइव्ह बोलतंय? बिटकॉइन डबल करून देतो म्हणतंय."

चॅनेलचं नाव बदललेलं, १८६ व्हिडिओ प्रायव्हेट. माझा पासवर्ड तोच, पासवर्डनंतर ओटीपी मागणारं टू-स्टेप चालू, तरी ओटीपी एकही नाही. ब्राउझरमध्ये लॉगिन टिकावं म्हणून ज्या कुकीज असतात, त्याच त्या फाइलनं उचलल्या होत्या. घरात बसलेल्या माणसाला किल्ली कोण विचारतो? या प्रकाराबद्दल गूगलनं २०२१ मध्येच लिहिलं होतं. आपण कशाला वाचतोय! त्या क्षणी फोनवरून सगळी डिव्हाइस लॉगआऊट करून पासवर्ड बदलायचा होता. मी लॅपटॉपला अँटिव्हायरस लावत बसलो, अर्धा तास. तेवढ्यात यूट्यूबनं चॅनेलच उडवलं.

एक्सवर टीमयूट्यूबला, म्हणजे यूट्यूबच्या मदत खात्याला, लिहिलं, तर त्याखाली लगेच तिघे 'रिकव्हरी एक्सपर्ट' हजर. एकानं ४,००० फी सांगितली. भाचा म्हणाला, "मामा, ह्यो बी त्यातलाच." मी तरी पाठवले. ते गेलेच. १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला दुसऱ्या दिवशी. त्याच रात्री केला असता तर निदान पैसे अडवायची संधी होती.

चॅनेल परत मिळालं ते यूट्यूबच्याच फॉर्मवरून, फुकट, पण एकेचाळीस दिवसांनी. व्हिडिओ एकेक करून पब्लिक केले. आता मेल जुन्या फोनवर बघतो आणि चॅनेलच्या लॅपटॉपवर आलेली फाइल उघडत नाही. मोटरी जळतात मार्च ते मेमध्ये, आमचे व्ह्यूजही तेव्हाच. मेमध्ये २,३०० रुपये आले. भाडं घरातनं भरलं.