आरएक्स १०० चा नवा कार्ब आणि नाशिकची थंडी : दहा महिन्यांनंतर

गेल्या वर्षी गणपतीत वडिलांच्या १९९३ च्या यामाहा आरएक्स १०० ला, म्हणजे जुन्या टू-स्ट्रोक मोटरसायकलला, नवा कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग, थोडक्यात कार्ब) बसवला. जुन्याची स्लाइड (थ्रॉटल पिळला की वर-खाली होणारा दट्ट्या) इतकी झिजली होती की सिग्नलला गाडी कधी बंद पडायची, तर कधी आपोआप रेस व्हायची. मूळ मापाचाच, गोल स्लाइडचा, मिकुनीच्या व्हीएम पद्धतीचा कार्ब ऑनलाइन मागवला. अडीच हजारांच्या आत मिळाला. सोबत १०५, ११०, ११५ आणि १२० असे चार मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारे भोकाचे तुकडे, नंबर मोठा तितकं पेट्रोल जास्त), दोन पायलट जेट आणि पाच खाचांची सुई. घेतल्यावर आठ दिवसांत लिहिलेले रिव्ह्यू मी बरेच वाचले होते, सगळे खूश. कार्बचं खरं रूप कळायला हिवाळा आणि उन्हाळा दोन्ही जावे लागतात, म्हणून थांबलो.

आधी चांगलं सांगतो. दुसऱ्या किकला गाडी सुरू होते. आयडलिंग घड्याळासारखं आहे. सिडकोतून अंबडला रोज जाऊन येऊन अ‍ॅव्हरेज ३८ वरून ४२ वर गेलं. पिकपही सुधारला, पण त्यातलं किती श्रेय नव्या कार्बचं आणि किती जुन्याच्या झिजेचं, ते सांगता यायचं नाही.

वाईट म्हणजे खालच्या वाटीचे स्क्रू. मऊ धातूचे, तिसऱ्यांदा उघडताना दोन स्क्रूंची डोकी गोल झाली. चारही काढून अ‍ॅलन बोल्ट टाकले. जेट बदलायची हौस असेल तर हे पहिल्याच दिवशी करून घ्या. वाटीचा ओ-रिंग सात महिन्यांत फुगला आणि परत खाचेत बसेना. पेट्रोलमधल्या इथेनॉलचा परिणाम असणार.

आता मुख्य गोष्ट.

ऑक्टोबरच्या उन्हात, दुपारी ३३ अंशांत, मी कार्ब सेट केला. ११० चा मेन जेट, सुईची क्लिप मधल्या खाचेत, एअर स्क्रू दीड फेरा बाहेर. प्लग काढून पाहिला तर चॉकलेटी, हवा तसा. आमचे मिस्त्री म्हणाले, "झालं भाऊ, आता याला हात लावू नका." दिवाळीनंतर थंडी उतरली आणि सकाळी सहाला कामावर निघालो की गाडी फुल थ्रॉटलला हलकी-हलकी वाटायला लागली. आवाज कोरडा, धूर जवळपास नाही. मला वाटलं, व्वा, थंड हवेत इंजिन खूश दिसतंय.

खूश वगैरे काही नव्हतं, ते उपाशी होतं. थंड हवा दाट असते. तेवढ्याच तोंडातून जास्त हवा आत जाते, पण जेटचं भोक तेवढंच असल्याने पेट्रोल त्या प्रमाणात वाढत नाही. मिक्चर लीन होतं. टू-स्ट्रोकमध्ये आत येणारं ताजं पेट्रोलच पिस्टनला थोडंफार गार ठेवतं, त्यामुळे लीन म्हणजे पिस्टन तापणं आणि शेवटी सिलिंडरमध्ये अडकून बसणं. मिस्त्रींना सांगितलं तर म्हणाले, "थंडीत चोक ओढायचा, जेटला कशाला हात लावता?" चोक सुरू करण्यापुरता असतो. साठच्या वेगाने त्र्यंबक रोडला चाललेल्या गाडीला त्याचा काय उपयोग?

मग मला आठवले स्नोमोबाइलवाले. हा व्हीएम कार्ब मोठ्या मापात उत्तर अमेरिकेतल्या टू-स्ट्रोक स्नोमोबाइलवर वर्षानुवर्षे बसत आलाय. त्यांच्या जुन्या मॅन्युअलमध्ये एक तक्ता असतो : एका बाजूला समुद्रसपाटीपासूनची उंची, दुसऱ्या बाजूला तापमान आणि चौकटीत जेटचा नंबर. थंडी वाढली की नंबर मोठा, उंची वाढली की लहान. सकाळी उणे तीसमध्ये निघालेला माणूस दुपारी उणे पाचात डोंगरावर चढतो, त्याला हे पाठच असावं लागतं. आपल्याकडे गाडीच्या पुस्तकात असलं काही नसतं, कारण आपण समजतो की नाशिकमध्ये हवामान ते काय बदलणार!

गणित करून बघितलं. हवेची घनता दाबाच्या सम आणि तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते, फक्त तापमान केल्व्हिनमध्ये घ्यायचं, म्हणजे अंशांत २७३ मिळवायचे. डिसेंबरातली पहाट ८ अंशांची, म्हणजे २८१. मेमधली दुपार ४० ची, म्हणजे ३१३. पहाटेची हवा दुपारपेक्षा ११ टक्के दाट! एकाच गावात, एकाच रस्त्यावर. मिक्चर मात्र पूर्ण ११ टक्क्यांनी बिघडत नाही. हवा दाट झाली की व्हेंचुरीतली, म्हणजे कार्बच्या अरुंद गळ्यातली, ओढही वाढते आणि थोडं जास्त पेट्रोल वर येतं. घनतेतल्या फरकाच्या साधारण निम्मा फरक मिक्चरमध्ये पडतो, म्हणजे साडेपाच टक्के. ११० च्या जेटला तेवढे टक्के लावले की उत्तर ११६ च्या आसपास येतं, म्हणजे एक पायरी वर, ११५.

गणितावर विश्वास ठेवून डब्यातला ११५ टाकला आणि तिथेच फसलो.

डिसेंबरातला रविवार, सकाळचे सव्वासहा. सातपूर सोडून महिरावणीच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला म्हणून तिसऱ्या गिअरला पूर्ण पीळ दिला. प्लग तपासायचा होता : फुल थ्रॉटलला किल्ली बंद, क्लच दाबायचा, कडेला थांबून प्लग काढायचा. किल्लीपर्यंत हात जायच्या आधीच इंजिनातून बारीक 'कुंई' असा आवाज आला आणि मागचं चाक अर्धा क्षण अडलं. क्लच दाबला हे नशीब. कडेला उभा राहून बोटं काखेत धरून गरम करत पंधरा मिनिटं थांबलो. मग प्लग पान्याने प्लग काढला. पोर्सेलिन पांढरं फटक, खडूसारखं. जेट मोठा टाकला होता आणि प्लग आधीपेक्षा पांढरा, म्हणजे मिक्चर आणखी लीन!

घरी येऊन दोन्ही जेट उजेडात धरले. डोळ्यांना काही कळेना. मग गच्चीवर, स्वयंपाकघरापासून लांब, एक उद्योग केला. ५० मिलीची मोठी सिरिंज, तिच्या तोंडाला रबरी नळीचा तुकडा, नळीत जेट. सिरिंज उभी धरून तेवढ्याच खुणेपर्यंत पेट्रोल भरायचं आणि ते जेटमधून गळून जायला किती वेळ लागतो ते मोबाइलवर मोजायचं. ११० चा जेट : ४१ सेकंद. ११५ चा जेट : ४४ सेकंद! तीनदा केलं, एखाद्या सेकंदाचा फरक सोडला तर तेच. म्हणजे ११५ छापलेला जेट ११० पेक्षाही लहान होता. सगळे जेट मोजले, बाकीचे बरोबर निघाले, फक्त हाच खोटा. विक्रेत्याला व्हिडिओ पाठवला. त्याने "सर, आपल्या मेकॅनिककडून तपासून घ्या" असं उत्तर दिलं आणि तक्रार बंद केली. पैसे परत आले नाहीत. दुसरीकडून सुटा ११५ आणला, तो आधी मोजला : ३९ सेकंद. तो टाकल्यावर त्याच रस्त्याला, तेवढ्याच थंडीत, प्लग चॉकलेटी.

सिलिंडर उघडून बघितला तेव्हा पिस्टनच्या एक्झॉस्टकडच्या बाजूला दोन उभे ओरखडे होते. बारीक पॉलिशपेपरने साफ करून, रिंगा बदलून काम भागलं. बोअर वाचला. त्या ओरखड्यांसाठी या कार्बला माझ्याकडून एक तारा कमी. कार्ब चांगला आहे, पण सोबतच्या जेटवर आंधळा विश्वास ठेवू नका.

जानेवारीत मुंबईला गेलो आणि एक गंमत लक्षात आली. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. कसारा घाट उतरून खाली गेलो की दाब वाढणार, हवा दाट होणार, गाडी पुन्हा लीन होणार, म्हणून १२० चा जेट खिशात घेऊन निघालो होतो. ठाण्यात दुपारी प्लग काढला, तर रंग तोच. घरी येऊन हिशेब केला. ६०० मीटरवर दाब साधारण ९४३ मिलिबार, समुद्राकाठी १०१३. नाशिकची ८ अंशांची पहाट आणि मुंबईची ३० अंशांची दुपार, दोन्हींची घनता जवळपास सारखीच येते! उंचीने जे घेतलं ते थंडीने परत दिलं. त्यामुळे जानेवारीत पहाटे नाशिकला सेट केलेली गाडी मुंबईत दुपारी तशीच चालते. मेमधल्या दुपारी सेट केलेली चालेलच असं नाही.

याच हिशेबात एक उलटी गोष्टही निघाली. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर. तिथे उणे १० अंश असले तरी हवा आपल्या मेच्या दुपारपेक्षा पातळच असते. बर्फ दिसला म्हणजे मोठा जेट, असं नाही. तो तक्ता दोन बाजूंचा का असतो, ते तेव्हा डोक्यात शिरलं.

मार्चमध्ये सप्तशृंगी गडावर गेलो. नांदुरीचा घाट चढताना थोड्या थ्रॉटलला गाडी जराशी जड, दबल्यासारखी वाटली. वर हवा विरळ, म्हणून रिच, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. जेट बदलला नाही, सुईलाही हात लावला नाही. एअर स्क्रू पाव फेरा बाहेर काढला आणि पुरला. या कार्बचा स्क्रू हवेच्या बाजूला आहे, बाहेर काढला की हवा जास्त, मिक्चर पातळ. काही कार्बना तो इंजिनाच्या बाजूला असतो आणि तिथे सगळं उलटं होतं. शिवाय हा स्क्रू फक्त सुरुवातीच्या थोड्या थ्रॉटलपुरता, पाव ते पाऊण थ्रॉटल सुईचं आणि त्यापुढे मेन जेटचं राज्य. मिस्त्री लोक सगळ्या दुखण्यांवर तो एकच स्क्रू फिरवतात, हा माझा जुना राग आहे. खाली उतरायच्या आधी स्क्रू परत होता तिथे आणला. वर रिच चालली तर फक्त धूर आणि अ‍ॅव्हरेज, पण खाली लीन चालली तर पिस्टन. म्हणून उतरायच्या आधीची दुरुस्ती कधी उद्यावर टाकायची नाही.

पंपावर आता सगळीकडे ई-२० आहे. २० टक्के इथेनॉल म्हणजे निव्वळ पेट्रोलपेक्षा सात-आठ टक्के जास्त इंधन लागतं, तरच मिक्चर बरोबर. जुन्या काळचा मूळ जेट नंबर शोधून तोच टाकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. तो नंबर आजच्या पेट्रोलचा नाही. माझा ११० आणि ११५ सुद्धा माझ्या गाडीचा, माझ्या सायलेन्सरचा, माझ्या एअर फिल्टरचा. उचलून लावू नका, प्लग बघा.

एप्रिल-मेमध्ये ११५ वर गाडी वरच्या रेसला भरभर करायला लागली, टू-स्ट्रोक असून फोर-स्ट्रोक मारल्यासारखी. ११० परत टाकला, सुतासारखी सरळ. १०५ आणि १२० डब्यात तसेच पडून आहेत. माझ्या तक्त्यात आता दोनच ओळी उरल्यात : होळीनंतर ११०, दिवाळीनंतर ११५. डिसेंबरच्या दुपारी ११५ किंचित रिच होतो, होऊ दे. पावसाळ्यात हवेतल्या वाफेने आणखी थोडं रिच होत असेल, मला तरी गाडीवर जाणवलं नाही. तक्ता साइड पॅनलच्या आतल्या बाजूला सेलोटेपने चिकटवलाय. जेट होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्यांत, लेबलवर सेकंद लिहून.

घ्यावा का? जुन्या कार्बची स्लाइड झिजली असेल तर घ्या. नुसतं ट्यूनिंग बिघडलंय म्हणून घेत असाल तर नको, आधी जुन्यालाच दोन जेट आणून बघा, शे-दोनशेत काम होईल.

मिस्त्री परवा दुकानातून ओरडले, "भाऊ, ती तुमची सिरिंज द्या बरं दोन दिवस." त्यांच्याकडे एका गिऱ्हाइकाची आरएक्स आलीय, नवाच कार्ब, प्लग पांढरा. दिली. अजून परत आलेली नाही.