रिफिलनंतर ‘इंक लेव्हल फुल्ल’ दिसली? मग कार्ट्रिज बहुतेक तुमचं नाही!

प्रिंटरची शाई हलकी निघाली एवढीच तक्रार असती, तर मी लिहायला बसले नसते. दीडशे रुपयांच्या रिफिलमध्ये कंपनीची शाई मिळत नाही, हे मलाही कळतं. इथे शाईची डबी, म्हणजे अख्खं कार्ट्रिजच पळवलंय, आणि तेही माझ्या हातचा चहा पिऊन.

मी सांगलीत शाळेतल्या मुलांचे स्कॉलरशिप परीक्षेचे क्लास घेते. जानेवारीत सराव पेपरांचा रतीब असतो. दिवाळीनंतर नवीकोरी कार्ट्रिजं घेतली होती, काळं ९०० ला आणि रंगीत १,१५० ला. दोन्ही पहिल्यांदाच संपत आली होती. तेवढ्यात वर्तमानपत्रातून पॅम्फ्लेट आलं: ‘घरपोच रिफिल, वर्षभर अनलिमिटेड, फक्त १,४९९ रु.’ एरवीच्या दीडशे रुपयांच्या रिफिलच्या हिशोबाने महिन्याला दोनदा धरलं, तरी स्वस्तच पडत होतं. हा हिशोब कुणीही केला असता, उगाच मला हसू नका.

मुलगा आला, गोड बोलणारा. ‘मॅडम, इथे भरलं तर फरशीला डाग पडतील, मशीन खाली गाडीत आहे,’ म्हणत दोन्ही कार्ट्रिजं घेऊन खाली गेला. परत येऊन बसवली. बसवल्याबरोबर प्रिंटरने आपणहून एक पान काढलं, रेघारेघांचं आणि चौकोनांचं. ‘टेस्ट प्रिंट,’ म्हणून त्याने ते घडी घालून चक्क खिशात ठेवलं. मग लॅपटॉप माझ्याकडे वळवून म्हणतो, ‘बघा मॅडम, लेव्हल फुल्ल!’

आणि मी खूश झाले. १,४९९ रुपये लगेच यूपीआय केले. नाव भलतंच आलं, तर म्हणाला, ‘भावाचं अकाउंट आहे.’

आता नीट ऐका. ज्या प्रिंटरचं हेड, म्हणजे कागदावर शाई उडवणारा भाग, कार्ट्रिजमध्येच असतो (एचपी, कॅननची बरीच स्वस्त मॉडेलं तशीच आहेत), तो कार्ट्रिजला ओळखून असतो. तुमचंच कार्ट्रिज भरून परत बसवलं, तर लेव्हल रिकामीच दिसते, कारण आत शाई ओतलीय हे त्याला समजत नाही. छपाई मात्र होत राहते. लेव्हल एकदम फुल्ल झाली आणि अलाइनमेंटचं पान (तेच, रेघा-चौकोनांचं) आपोआप आलं, म्हणजे बहुतेक आत वेगळं कार्ट्रिज बसलंय. म्हणजे चोरीचा पुरावा तो मलाच कामाचा पुरावा म्हणून दाखवत होता! हे आठवलं की आजही अंगाचा तिळपापड होतो. पण माझा विषय गणित. प्रिंटरच्या पोटातलं मला कुठून कळणार?

एकदाच वापरलेलं कंपनीचं कार्ट्रिज या धंद्यात सोन्यासारखं, कारण ते पुढे बऱ्याचदा भरता येतं. दहादा भरून झिजलेलं आपल्या गळ्यात मारायचं आणि आपलं घेऊन जायचं. या हेडमध्ये शाई तापवून थेंब उडवतात. कोरडं चालवलं की आतले बारीक हीटर जळतात आणि मग कितीही क्लीनिंग करा, उपयोग नाही. (तुम्हीही पार कोरडं होईपर्यंत छापत बसू नका.)

दुसऱ्याच दिवशी पांढऱ्या रेघा. अपूर्णांकाच्या आकृत्यांत रंगवलेला भाग कोणता आणि कोरा कोणता, मुलांना कळेना. काळं तपकिरी दिसत होतं, पाण्याचा थेंब पडला की फुटत होतं. मी कार्ट्रिज काढून पाहिलं: वरचं लेबल उचकटून पुन्हा चिकटवलेलं, भोकांवर सेलोटेप. पेपर झेरॉक्सवाल्याकडून काढले, १८६ रुपये. नवी कार्ट्रिजं पुन्हा २,०५०. एकूण ३,७३५ रुपये पाण्यात.

तो मुलगा फोन उचलतो आणि ‘रॉंग नंबर’ म्हणतो.

पोलीस चौकीत गेले, तर साहेबांचा पहिला प्रश्न: ‘कार्ट्रिज म्हणजे काय?’ दुसरा: ‘रक्कम किती?’ आकडा ऐकून शेजारचे हसले. ‘तुम्ही स्वतःहून पैसे दिलेत ना मॅडम? मग हा दिवाणी मामला.’ अहो, वस्तू बदलून नेली, याला फसवणूक म्हणत नाहीत तर काय म्हणतात? अर्ज ठेवून घेतला, पोच मागितली तर ‘साहेब राउंडला गेलेत’. समोर बसलेले कोण होते मग? ऑनलाइन फसवणुकीच्या हेल्पलाइनवर सांगितलं की माणूस घरी आला होता, म्हणजे हा ऑनलाइन फ्रॉड नाही. चौकीवाले तिकडे बोट दाखवतात, तिकडचे चौकीकडे. पाच लाख असते तर खुर्ची दिली असती बहुतेक. बँकेत तर ‘पैसे तुम्हीच पाठवलेत’ यापुढे गाडी सरकलीच नाही.

कार्ट्रिज देण्याआधी त्याच्या पोटावर नेलपॉलिशचा ठिपका लावा, फोटो काढा. नजरेआड नेऊ देऊ नका. डाग पडले तर पडू देत, फरशी पुसता येते. वर्षाचे पैसे आगाऊ? अजिबात नाही. बिलावर दुकानाचा पत्ता हवाच, माझ्या चिठ्ठीवर फक्त मोबाइल नंबर होता. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला ग्राहक आयोगात फी लागत नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे, ती मी सोडणार नाही.

पण तिथे समोरच्याचा पत्ता लागतो. सांगली-मिरज भागात घरपोच रिफिलची ही १,४९९ वाली स्कीम कुणी घेतली असेल आणि त्या मुलाचं दुकान कुठे आहे ते माहीत असेल, तर मला कळवा. नोटीस पाठवायला तेवढंच हवंय.