तनबूर घ्यावा की लावता?

संग्रहालयात काचेआड ठेवलेला उस्मानी तनबूर, म्हणजे लांब दांडीचे तुर्की तंतुवाद्य, पाहून तो शिकावासा वाटला, तर निर्णयाआधी लावता हे दुसरे तुर्की तंतुवाद्यही हातात घेऊन बघा. इस्तंबूलचे तनबुरी जेमिल बे (१८७३–१९१६) दोन्ही वाजवत. त्यांची जुनी ध्वनिमुद्रणे ऐकलीत की नादातला फरक कळेल.

तनबूर सव्वा मीटरहून लांब, त्यात दांडीच पाऊण मीटरच्या आसपास. पोट अर्धगोल, पातळ पट्ट्या जोडून केलेले. तबली (पोटावरची फळी) जेमतेम दोन मिलिमीटरची आणि आतून आधाराची पट्टी नाही, म्हणूनच नाद इतका खोल आणि रेंगाळणारा. तारा धातूच्या. गत बहुतेक एकाच जोडीवर चालते आणि बाकीच्या तारा सूर धरतात, त्यामुळे डावा हात सतत लांबवर सरकतो. मकामांत, म्हणजे तुर्की संगीतातल्या रागांत, पूर्ण स्वराचे नऊ बारीक भाग (कोमा) मानतात; ते बारीक अंतर इथे दांडीवर बांधलेल्या पडद्यांवर डोळ्यांना दिसते. सन १७००च्या सुमारास मोल्दोव्हाचा राजपुत्र आणि संगीतकार कांतेमिर याने स्वरव्यवस्था मांडली, तीही तनबुराच्याच पडद्यांवरून.

लावता उद या अरबी तंतुवाद्याच्या घाटाचा, दांडी आखूड. सात तारा: तीन जोड्या, एक एकटी. बैठक सोपी, गाण्याच्या साथीला सोयीचा. आधी गिटार वाजवली असेल तर हात लवकर बसतो.

जुने वाद्य घेताना दोन्हींचे दुखणे वेगळे असते. तनबुराची घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) नुसती टेकवलेली असते आणि तिच्याखाली तबली थोडी खोलगट असणे हा दोष नव्हे. तिथे भेग असेल तर मात्र सोडून द्या. लावतात तारा घोडीलाच बांधतात, म्हणून घोडीची मागची कड उचकटते. तिथे कागद सरकवून पाहा, आत गेला तर डिंक सुटलाय.

मग पडदे. दोन्हींचे पडदे दांडीला गुंडाळून बांधलेले असल्याने ते सरकतात. तारेच्या बरोबर मध्यावर, सप्तकाच्या पडद्यापाशी, मोकळ्या तारेचाच सूर वरच्या सप्तकात मिळायला हवा. पडदा जागेवर असून सूर चढा लागला, तर बहुधा दांडी वाकून तारा उंच झाल्या आहेत. पडदा सरकवणे मिनिटाचे काम आहे, पण वाकलेली दांडी कारागिराकडेच न्यावी लागते.

तनबुराची जुनी नखी कासवाच्या कवचाची असते. त्या कवचाचा व्यापार आंतरराष्ट्रीय कराराने बंद आहे, तेव्हा प्लास्टिकचीच घ्या. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात वाद्य ठेवायची पेटी बंद ठेवा, आत सिलिका जेल टाका. विमानप्रवासाआधी तारा थोड्या सैल करा.

मकाम मुळातून शिकायचे असतील, तर लांब दांडीचा त्रास सोसून तनबूरच घ्यावा.