लहान टॅबला जास्त पैसे का मोजायचे? नवीन आयपॅड मिनी वापरून झालेलं मत

सगळ्यात आधी जी गोष्ट डोक्यात बसत नाही ती सांगून टाकतो. लहान वस्तू मोठीपेक्षा स्वस्त असते असं आपण धरूनच चालतो ना, इथे नेमकं उलटं आहे. ॲपलचा साधा, मोठ्या स्क्रीनचा आयपॅड अमेरिकेत ३४९ डॉलरला आहे आणि हा ८.३ इंची मिनी ऑक्टोबर २०२४ मध्ये ४९९ डॉलरला आला. म्हणजे स्क्रीन जवळजवळ निम्मी आणि पैसे दीडशे डॉलर जास्त. ज्याला ज्याला सांगितलं त्याने पहिला प्रश्न हाच विचारला की बाबा रे, कमी मिळवायला जास्त का दिलेस. तेव्हा धड उत्तर देता आलं नव्हतं, आता बरेच महिने वापरल्यावर येईल असं वाटतंय.

तशी ही तक्रार मिनीइतकीच जुनी आहे. पहिला मिनी २०१२ साली ३२९ डॉलरला आला तेव्हा बाजारात गूगलचा नेक्सस ७ होता १९९ ला, आणि वर त्याची स्क्रीन मिनीपेक्षा शार्प होती, मिनीचे १६३ पीपीआय, म्हणजे दर इंचाला तेवढे पिक्सेल, आणि त्याचे २१६. तेव्हाही लोक म्हणाले महाग आहे, आणि तरीही घेतला. पुढच्या वर्षी रेटिना, म्हणजे दाट पिक्सेलची स्क्रीन आली आणि किंमत ३९९ झाली, २०१९ पर्यंत तिथेच राहिली, २०२१ मध्ये डिझाइन बदललं, होम बटण गेलं आणि आकडा गेला ४९९ वर. यावेळी किंमत तीच ठेवलीये पण सुरुवातीचं स्टोरेज ६४ वरून १२८ जीबी केलंय, त्यामुळे जुन्या मिनीशी तुलना केली तर हा महाग झालेला नाही, उलट थोडा परवडणारा झालाय. महाग वाटतो तो शेजारच्या मोठ्या भावंडापुढे.

मग वरचे दीडशे डॉलर जातात कुठे?

जाहिरातीत विचाराल तर चिपमध्ये. ए१७ प्रो, म्हणजे आयफोन १५ प्रो मध्ये होती तीच, फक्त ग्राफिक्सचा एक कोर कमी, सहाच्या जागी पाच. रॅम ८ जीबी, आधीच्या मिनीत ४ होती. खरं सांगायचं तर चिपमुळे माझ्या दिवसात काडीचा फरक पडलेला नाही. मी वाचतो, पीडीएफवर खुणा करतो, मेल बघतो, रात्री एखादा व्हिडिओ, बास. २०२१ चा मिनीही हे सगळं न अडखळता करत होता. रॅम दुप्पट झाल्याचं मात्र जाणवतं, ब्राउझरमध्ये वीसेक टॅब उघडे ठेवून दुसऱ्या ॲपमध्ये जाऊन आलं तरी पान परत लोड होत बसत नाही, अर्धवट वाचलेला लेख जिथे सोडला तिथेच सापडतो. गेम खेळणाऱ्यांना चिपचा उपयोग असेल, मी त्यातला नाही.

आणि ते ॲपल इंटेलिजन्स, म्हणजे ॲपलचं एआय. खोक्यावरचं मुख्य आकर्षण तेच आणि ८ जीबी रॅम दिलीये तीही त्याच्यासाठीच, साध्या आयपॅडवर ते चालतच नाही. मी सुरुवातीला चार दिवस हौसेने वापरलं, इंग्रजी मेलचा सारांश वगैरे ठीक करतं, पण मराठी त्याच्या यादीत नाहीये, आणि माझं निम्मं लिहिणं-वाचणं मराठीत, त्यामुळे माझ्यासाठी त्याची किंमत शून्य. निव्वळ त्याच्यासाठी कोणी मिनी घेत असेल तर घेऊ नका राव.

आता खरी गोष्ट, वजन. २९३ ग्रॅम. साधा आयपॅड ४७७ ग्रॅमचा आहे. कागदावर वाचलं तर १८४ ग्रॅमचा फरक म्हणजे काय मोठंसं असं वाटतं, पण एका हातात धरून अर्धा तास वाचायला बसा मग कळेल. मोठ्या आयपॅडवर दहा-पंधरा मिनिटांत माझं मनगट भरून यायचं, मग उशी घे, मग गुडघ्यावर टेकव, मग कूस बदल, मग कंटाळून फोनच उचल. मिनी उलट हातात असतो हे विसरायला होतं. २०२४ च्या सगळ्यात मोठ्या, ६.९ इंची आयफोन १६ प्रो मॅक्सचं वजनच २२७ ग्रॅम आहे, त्याच्यापेक्षा हा फक्त ६६ ग्रॅम जड. आणि आडवं पडून वाचताना डुलकी लागून टॅब नाकावर पडायचा अनुभव ज्याला ज्याला आहे त्याला हे १८४ ग्रॅम समजावून सांगावे लागणार नाहीत.

स्क्रीनबद्दल मी पट्टी घेऊन बसलो होतो, हसू नका. उभा धरला तर उजळणारा भाग साधारण ११६ बाय १७६ मिलिमीटर येतो, म्हणजे लहान पेपरबॅकच्या पानाएवढा. म्हणून कादंबरी वाचायला हा आकार अगदी जमून आलाय, ओळ लांब होत नाही, डोळा भरकटत नाही. पण ए४ पानाची पीडीएफ उघडली की गणित बिघडतं, कारण ए४ ची रुंदी २१० मिमी, ती ११६ मध्ये बसवायची म्हणजे सगळं ५५ टक्क्यांवर येतं आणि १२ पॉइंटचा टाइप साडेसहा पॉइंटचा होऊन बसतो, औषधाच्या बाटलीवरच्या मजकुराएवढा. ३२६ पीपीआय असल्यामुळे तो टाइप फुटत नाही, स्पष्ट दिसतो, पण स्पष्ट दिसणं आणि आरामात वाचता येणं यात फरक आहे. आडवा धरला तर तेच पान ८४ टक्क्यांवर दिसतं, टाइप दहा पॉइंटचा होतो, छान वाचता येतं, फक्त एका पानासाठी दोनदा सरकवावं लागतं. मोठ्या आयपॅडवर उभं धरूनही ७५ टक्के मिळतं. तेव्हा ज्यांचं काम दिवसभर ए४ पीडीएफ, दोन कॉलमचे शोधनिबंध, संगीताची नोटेशन यांच्याशी आहे त्यांनी सरळ मोठा घ्यावा, पैसेही वाचतील.

व्हिडिओचं वेगळं आहे. टॅब घेऊन काय करायचं, फोनच आता केवढा मोठा आहे, असं म्हणणारे बरेच भेटतात. हिशोब असा की ६.९ इंची फोनची स्क्रीन लांबट असते, त्यामुळे नेहमीच्या १६:९ व्हिडिओला दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात आणि चित्र त्या स्क्रीनच्या मानाने लहानच राहतं. मिनीवर तेच चित्र क्षेत्रफळाने पावणेदोन पटीहून थोडं जास्तच भरतं. इंचांचा आकडा ६.९ विरुद्ध ८.३ असा दिसतो म्हणून फसायला होतं.

स्क्रीनच्या बाबतीत दीडशे डॉलरमधले काही पैसे खरंच दिसतात. काच आणि पॅनल एकत्र चिकटवलेलं आहे, वर चकाकी कमी करणारा थर आहे, रंगांची पी३ रेंज, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त छटा, आहे, यातलं काहीच साध्या आयपॅडमध्ये नाही. खिडकीजवळ बसून दोन्ही शेजारी ठेवले तर साध्यावर आधी आपलाच चेहरा दिसतो आणि मग मजकूर. पेनने लिहितानाही साध्यावर टोक आणि शाई यांच्यात बारीकशी फट जाणवते, इथे नाही.

पण ६० हर्ट्झ, म्हणजे चित्र सेकंदाला साठदाच बदलतं! २०२४ साली आलेल्या, ४९९ डॉलरच्या टॅबला ६० हर्ट्झ म्हणजे कंजूषपणा आहे, दुसरा शब्द नाही. लेनोवोचा लिजन टॅब तिसऱ्या पिढीचा बघा, ८.८ इंच आणि १६५ हर्ट्झ. माझ्या फोनला १२० आहे, फोनवरून मिनीवर आलं की पहिली दोन मिनिटं सगळं जरा ओढल्यासारखं सरकतं, मग डोळे सरावतात. ज्यांना १२० ची सवय नाही त्यांना हे कळणारही नाही, आणि कळत नसेल तर कोणी दाखवायलाही जाऊ नये. २०२१ च्या मिनीबद्दल जेली स्क्रोलची ओरड खूप झाली होती, उभा धरून सरकवलं की स्क्रीनची एक बाजू दुसरीच्या किंचित मागे राहते ती, तर नव्यात ते मला वाचताना जाणवलेलं नाही.

पुढचा कॅमेरा अजून उभ्या बाजूलाच वर आहे. साध्या आयपॅडमध्ये, म्हणजे स्वस्तातल्या, तो आडव्या बाजूला आणलाय, जिथे व्हिडिओ कॉलला तो असायला हवा. इथे आडवा ठेवून कॉल केलात की समोरच्याला वाटतं तुम्ही सारखं बाजूला कुणाकडे तरी बघताय. सेंटर स्टेज नावाची सोय चेहरा मधोमध आणते, नजर कुठे आणणार. मी कॉल उभा धरूनच करतो. टच आयडी, म्हणजे बोटाच्या ठशाने उघडणं, वरच्या बटणात आहे ते मला आवडतं, अंधारात उशीत तोंड खुपसूनही उघडतो, पण टॅब फिरवला की ते बटण कुठल्या कोपऱ्यात गेलं ते रोज नव्याने शोधावं लागतं.

टायपिंगचं कोणी फारसं बोलत नाही म्हणून सांगतो. उभा धरून दोन अंगठ्यांनी लिहायला हा आकार झकास आहे. मोठ्या आयपॅडवर अंगठे मध्यापर्यंत पोचत नाहीत, फोनवर देवनागरी कीबोर्ड एवढा दाटीवाटीचा असतो की वेलांटी दाबायला जावं तर मात्रा उमटते, आणि जोडाक्षरांचे हाल तर विचारूच नका. इथे बटणं ऐसपैस आहेत. हा अख्खा मजकूर मी मिनीवरच अंगठ्यांनी लिहिलाय. मात्र बाहेरून चिकटणारा ॲपलचा कीबोर्ड याला मिळत नाही, त्यासाठी लागणारं कनेक्टरच दिलेलं नाही, ब्लूटूथ जोडावा लागतो. ज्यांना लॅपटॉपऐवजी टॅब हवाय त्यांचा प्रश्न इथेच मिटला.

बॅटरी १९.३ वॉट-अवरची, मोठ्याची २८.९. दोन्हीसाठी दहा तासच सांगतात, कारण लहान स्क्रीन खातेही कमी. माझं नुसतं वाचन असेल तर दोन दिवस आरामात निघतात. यूएसबी-सी पोर्ट सेकंदाला १० गिगाबिटचा आहे, साध्या आयपॅडचा ४८० मेगाबिटवर अडकलेला. कॅमेऱ्यातून फोटो ओढणाऱ्याला हा फरक फार मोठा, मला वर्षातून दोनदा.

आता लपलेला खर्च, तो आधी कळला असता तर बरं झालं असतं. जुन्या मिनीची दुसऱ्या पिढीची ॲपल पेन्सिल, म्हणजे स्क्रीनवर लिहायचं पेन, नव्याला चालत नाही! बाजूला चिकटते, पण चार्जही होत नाही आणि लिहीतही नाही. नव्याला पेन्सिल प्रो लागते, १२९ डॉलर, किंवा ७९ ची यूएसबी-सी वाली, जिला दाब कळत नाही, म्हणजे चित्रं काढणाऱ्यांच्या कामाची नाही. प्रो पेन्सिल सुंदर आहे, चिमटीत दाबली की टूल बदलतं, फिरवली की ब्रशचं टोक फिरतं, सगळं मान्य, पण घरात चांगली चालणारी पेन्सिल असताना ती घ्यायला लावणं काही पटलं नाही. हिशोब घातला तर ४९९ अधिक १२९, ६२८ डॉलर. तिकडे साधा आयपॅड आणि स्वस्त पेन्सिल मिळून ४२८. म्हणजे दीडशेचा फरक बघता बघता दोनशेवर गेला.

आणि स्टोरेज वाढवायच्या मोहात पडू नका. २५६ जीबीचा मिनी ५९९ डॉलर, तेवढ्यातच ११ इंची आयपॅड एअर मिळतो १२८ जीबीचा, एम सिरीजच्या चिपसकट. त्या किमतीला मिनी घ्यायचा तर तुम्हाला लहानच हवाय याची शंभर टक्के खात्री असू द्या.

स्वस्त लहान टॅब नाहीत का, तर आहेत. सॅमसंगचा टॅब ए९ आहे ८.७ इंची, किंमत बरीच खाली, पण स्क्रीन १३४० बाय ८००, म्हणजे इंचाला १८० च्या आसपास पिक्सेल, आणि बारीक मराठी टाइपात अनुस्वार आणि रफार एकमेकांत मिसळतात. मुलांना कार्टून लावून द्यायला उत्तम, तासन्तास वाचायला नाही. फक्त कादंबऱ्याच वाचायच्या असतील तर मी किंडल पेपरव्हाइट सांगेन, ७ इंच, २११ ग्रॅम, डोळ्यांना त्रास नाही आणि बॅटरी आठवडेच्या आठवडे. पण त्यावर रंगीत पीडीएफ, व्हिडिओ, मेल यातलं काही जमत नाही, आणि दोन दोन वस्तू सांभाळायचा मला कंटाळा आहे.

तर हे जास्तीचे पैसे फीचर्सचे नाहीतच, असं मला आता वाटतं. चिप, एआय, पोर्ट हे सगळं बिल फुगवायला आहे, पैसे आपण आकाराचे देतो, कारण चांगल्या स्क्रीनचा, पाव किलोच्या थोडा वर असलेला दुसरा टॅब ॲपलकडे नाहीच आणि त्यांना ते पक्कं माहीत आहे. दिवसातला तासभर तरी हातात धरून वाचणार असाल तर घ्या. टेबलावर स्टँडला लावून ठेवणार असाल तर साधा मोठा घ्या, दीडशे वाचवा. २०२१ चा मिनी असेल तर अजिबात बदलू नका, ६४ जीबी भरून रोज काहीतरी डिलीट करायची वेळ आली नसेल तर.

माझी आली होती, म्हणून बदलला. जुना बहिणीला दिला, पेन्सिलसकट, ती त्यावर फुलापानांची चित्रं काढते आणि मला पाठवते. मी अजून पेन्सिल प्रो घेतलेली नाही, बोटानेच खुणा करतो, त्यामुळे माझ्या पीडीएफमधल्या सगळ्या रेघा वाकड्या आहेत.