ट्रॉल्यांच्या कामासाठी स्केचअप: पाच वर्षांचा अनुभव

सांगलीत आमचं किचन ट्रॉल्या आणि बाथरूम फर्निचरचं वर्कशॉप आहे. मापं आणि ड्रॉइंग माझ्याकडे, कटिंग-फिटिंग मिस्त्रींकडे. गेली पाच वर्षं मी स्केचअप प्रो हे थ्रीडी ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर वापरते. त्याआधी वर्षभर खास किचनसाठी बनवलेलं एक परदेशी सॉफ्टवेअर वापरून पाहिलं. चित्रं देखणी निघायची, पण त्यात आपला ओटाच नव्हता. त्याच्या हिशेबात आधी जमिनीवर कॅबिनेट ठेवायची आणि मग वर दगड. आपल्याकडे कितीतरी घरांत कडाप्पा उभे करून वर ग्रॅनाइट आधीच बसवलेला असतो, आणि दोन कडाप्प्यांमधल्या गाळ्यांत ट्रॉल्या बसवायच्या असतात. गाळा वर २३ इंच, तर खाली पावणेतेवीस. हे त्या सॉफ्टवेअरला सांगायची सोयच नव्हती.

स्केचअपमध्ये चौकोन काढायचा, पुश-पुल या टूलने ओढून त्याला जाडी द्यायची, माप टाइप करायचं. कडाप्पा तिरका असेल तर तिरकाच काढता येतो, भिंत गुण्यात (काटकोनात) नसेल तर तशीच. गाळ्याच्या सगळ्यात अरुंद जागेचं माप धरायचं, टेलिस्कोपिक चॅनेलसाठी (ट्रॉली ज्यावर सरकते त्या पट्ट्या) दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच सोडायचा, की ट्रॉलीची रुंदी हातात येते. माझ्यासाठी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे सूत. आमचे मिस्त्री मिलिमीटरमध्ये बोलत नाहीत, ते म्हणतात, "ताई, बावीस इंच तीन सूत." मापांच्या सेटिंगमध्ये अपूर्णांक निवडून अचूकता १/८ इंचावर ठेवली, की प्रिंटवर २२ ३/८ असंच येतं. एक अष्टमांश म्हणजे एक सूत. तेव्हापासून प्रिंट हातात घेऊन "हे किती धरायचं?" असं मला कुणी विचारलेलं नाही.

दुसरी गोष्ट डोळ्यांच्या उंचीची. मॉडेलमध्ये उभं राहून बघायला गेलं, की स्केचअप डोळे साडेपाच फुटांवर धरतं. एका काकूंची उंची चार फूट अकरा इंच. मी आकडा बदलून साडेचार फूट केला आणि लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी क्षणभर बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, वरच्या फळीवरचं मला काहीच दिसत नाही की गं. डबा काढायला स्टूलच लागणार." आम्ही तिथल्या तिथे वरची कपाटं तीन इंच खाली घेतली आणि ओटाही ३२ इंचांवरून ३० वर आणला. त्यांचा ओटा अजून बांधायचा होता म्हणून हे जमलं. गुळगुळीत रेंडर (फोटोसारखं चित्र) दाखवून हे कधीच कळलं नसतं.

बाथरूमचं एक मी नुकसान सोसून शिकले. सुरुवातीला एका ड्रॉइंगमध्ये कमोडच्या आउटलेटचं ९ इंच माप प्लास्टरपासून दिलं. वर मसाला आणि टाइल मिळून जवळजवळ पाऊण इंच चढला आणि कमोड बसेना. फरशी फोडावी लागली, खर्च आम्ही दिला. आता मसाला-टाइलची जाडी मी वेगळ्या टॅगवर (हवा तेव्हा दाखवता-लपवता येणारा थर) काढतेच, आणि प्लंबरच्या प्रिंटवर प्रत्येक माप तयार टाइलपासून देते. न्हाणी ट्रॅप (पाणी जायची जाळी), डायव्हर्टर (शॉवर-नळाचा भिंतीतला कॉक), दाराची उघडझाप, सगळं त्याच मॉडेलमध्ये. दार बेसिनला आपटतंय का, हे दार फिरवून लगेच दिसतं.

त्रासही आहेत. प्रत्येक फळीचा वेगळा ग्रुप किंवा कंपोनंट (स्वतंत्र गठ्ठा) न करता काम केलं तर एक फळी दुसरीला चिकटते आणि एक हलवली की दुसरी ओढली जाते. नवीन मुलांना मी पहिले आठ दिवस एवढंच शिकवते. थ्रीडी वेअरहाऊस या स्केचअपच्या ऑनलाइन संग्रहातले नळ, बेसिन फुकट मिळतात, पण फाइल जड होते आणि मापांवर भरवसा ठेवता येत नाही. कंपनीच्या कॅटलॉगशी ताडून बघाच. प्लायची कटिंग लिस्ट मूळ सॉफ्टवेअरमध्ये नाही. त्यासाठी ओपनकटलिस्ट हे मोफत एक्स्टेन्शन (वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम) घ्यावं लागतं. ते आठ बाय चारच्या शीटवर तुकडे मांडून देतं, करवतीच्या पात्याची जाडीही धरतं. ते फक्त कॉम्प्युटरवर इन्स्टॉल केलेल्या आवृत्तीतच चालतं.

खर्चाचं म्हणाल, तर २०२० पासून एकरकमी लायसन्स बंद झालंय, दरवर्षी पैसे भरावे लागतात. छोट्या वर्कशॉपला ते जड जातं, मलाही जातं. ब्राउझरमधली मोफत आवृत्ती आहे, पण ती धंद्याच्या कामाला वापरायची परवानगी नाही. प्रोसोबत लेआउट हा वेगळा प्रोग्रॅम मिळतो. त्यात मॉडेलवरून मापांसकट प्रिंट निघतात आणि मॉडेल बदललं तर प्रिंटही अद्ययावत करता येतात. मी पैसे मुख्यतः त्यासाठीच भरते.

स्वतःच्या घराचं किचन ठरवायचं असेल तर स्वीट होम थ्रीडी हे सॉफ्टवेअर पुरेसं आहे. मोफत, ओपन सोर्स, वर नकाशा आणि खाली थ्रीडी एकदम दिसतं. फ्रिजचं दार उघडल्यावर जायला वाट राहते का, एवढं त्यात संध्याकाळभरात कळतं. ट्रॉलीच्या आतलं काम मात्र त्यात करता येत नाही. माझ्या भावजयीने तिचं किचन त्यातच ठरवलं आणि मला फक्त गाळ्यांची मापं आणून दिली. बाकी मी स्केचअपमध्ये काढलं.