साताऱ्यात बसून वाचलेले आयर्लंडचे फेरीनिहाय निकालपत्रक

माझ्या धाकट्या भावाचा मुलगा नोकरीनिमित्त आयर्लंडमध्ये राहतो. 7 जून 2024 रोजी तेथे स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका झाल्या, तेव्हा भारतीय पासपोर्ट असूनही त्याने मतदान केले, कारण या निवडणुकीत तेथे नागरिकत्व न पाहता वास्तव्य पाहतात. मोजणी संपल्यावर त्याच्या काउंटी कौन्सिलने मतदारांसाठी जाहीर केलेली निकालपत्रके त्याने मला पाठवली. शिक्षिकेच्या नोकरीत मतमोजणीच्या ड्युट्या पुष्कळ केल्या असल्याने आत्याला हा खाऊ आवडेल, असा त्याचा अंदाज होता आणि तो खरा ठरला. एखाद्या वस्तूचा अभिप्राय द्यावा तसा त्या पत्रकांचा अभिप्राय येथे देत आहे.

काउंटी कौन्सिल म्हणजे ढोबळमानाने आपली जिल्हा परिषद, मात्र शाळा तिच्याकडे नाहीत. घरबांधणी, स्थानिक रस्ते, ग्रंथालये आणि बांधकाम परवाने ही तिची मुख्य कामे. देशभरात अशा 31 संस्था आणि 949 जागा आहेत. आपल्याकडे एका गटातून एकच सदस्य निवडून येतो, तर तेथे एका मतदारक्षेत्रातून 3 ते 7 सदस्य निवडले जातात आणि मतदार कागदी मतपत्रिकेवर उमेदवारांच्या नावांपुढे 1, 2, 3 असे पसंतीक्रम लिहितो. पुणे विभागाच्या शिक्षक किंवा पदवीधर मतदारसंघात ज्यांनी मतदान केले आहे, त्यांना ही रीत नवी वाटणार नाही. आपल्याकडे त्या निवडणुकीत जागा एकच असल्याने कोटा, म्हणजे निवडून येण्यासाठी लागणारी मते, निम्म्याहून एक अधिक असतो. तेथे एकूण वैध मतांना जागांपेक्षा एकाने मोठ्या संख्येने भागून, अपूर्णांक सोडून, त्यात एक मिळवतात. दहा हजार वैध मते आणि चार जागा असतील, तर कोटा 2,001 होतो.

पत्रकाची मांडणी साधी दिसते. डावीकडे उमेदवारांची नावे, माथ्यावर वैध मते, जागा आणि कोटा, आणि मग एकापुढे एक फेऱ्यांचे रकाने. माझी पहिली गफलत येथेच झाली, कारण ‘फेरी’ हा शब्द आपल्या कानांना निराळ्या अर्थाने सरावलेला आहे. फेब्रुवारी 2017 मधील जिल्हा परिषदेच्या मोजणीत ‘तिसऱ्या फेरीअखेर आघाडी’ असे पुकारले जायचे, तेव्हा दर फेरीत नव्या केंद्रांची यंत्रे उघडून नवी मते जमा होत असत. आयर्लंडच्या पत्रकात मात्र पहिल्याच फेरीत सगळी मते मोजून झालेली असतात, आणि पुढच्या प्रत्येक फेरीत त्याच मतपत्रिका एका गठ्ठ्यातून दुसऱ्या गठ्ठ्यात जातात. हे ध्यानात येईपर्यंत मी अर्धा तास एकाच ओळीशी झटत होते.

एकदा उमगल्यावर मात्र हे पत्रक हातातून सुटत नाही. प्रत्येक रकान्यात दोन आकडे असतात : या फेरीत किती मते आली किंवा गेली, आणि एकूण किती झाली. कोट्याच्या वर गेलेल्या उमेदवाराची जादा मते पुढच्या पसंतीप्रमाणे इतरांना वाटली की त्याच्या नावापुढे वजा चिन्ह येते आणि तो नेमका कोट्यावर येऊन थांबतो. जादा मतांचे वाटप उरत नाही, तेव्हा सर्वांत मागे असलेला उमेदवार बाद होतो, आणि त्याच्या मतदारांनी पुढची पसंती कोणाला दिली होती, हे पुढच्या रकान्यात उघड होते. कोणत्या पक्षाचे मतदार कोणत्या पक्षाकडे वळतात आणि अपक्षाची मते कशी चहूकडे पांगतात, हे आपल्याकडे निकालानंतर चहाच्या टपरीवर अंदाजाने बोलले जाते; येथे ते अधिकाऱ्याच्या सहीने छापून मिळते. 2024 मध्ये फियाना फॉल पक्षाला 248 आणि फिना गेल पक्षाला 245 जागा मिळाल्या, इतकी बातमी कुठेही सापडेल. शेवटची जागा कोणाच्या दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीवर निघाली, हे समजून घ्यायला मात्र हेच पत्रक लागते. ‘किती लीड?’ हा आपला पहिला प्रश्न. तेथे तो ‘कितव्या फेरीत?’ असा असतो, असे भाच्याने सांगितले.

आता तक्रारी. सर्वांत मोठी तक्रार ही की पत्रकाखाली स्पष्टीकरणाची एकही ओळ नाही. एका पानावर शेवटी निवडून आलेल्या उमेदवाराची मते कोट्यापेक्षा कमी होती. त्याच पानावर दुसऱ्या एका विजयी उमेदवाराची जादा मते अखेरपर्यंत वाटलेलीच नव्हती. ही छपाईची चूक समजून मी दोन्हींभोवती पेन्सिलने गोल केले आणि भाच्याला फोटो पाठवला. “आत्या, चूक नाही ती. रिंगणात उरलेले आणि उरलेल्या जागा सारख्या झाल्या की कोटा न गाठताही निवडून आले असे धरतात. आणि जादा मते वाटूनही निकाल हलणार नसेल, तर ती वाटतच नाहीत,” असे त्याचे उत्तर आले. हेच दोन नियम पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात छापले असते, तर माझी पेन्सिल वाचली असती.

दुसरी उणीव अधिक खोलवरची आहे. पहिल्याच फेरीत कोटा ओलांडलेल्या उमेदवाराची जादा मते वाटताना त्याच्या सगळ्या मतपत्रिका पुढच्या पसंतीनुसार लावून प्रमाण काढतात, पण प्रत्यक्ष हलवायच्या मतपत्रिका त्या त्या गठ्ठ्याच्या वरून उचलतात. त्या पत्रिकांवरची तिसरी-चौथी पसंती काय असेल, हा काही अंशी योगायोगच. आपल्याकडे विधानसभेचे आमदार विधान परिषदेवर सदस्य निवडून देतात, तेव्हा प्रत्येक मतपत्रिकेचे मूल्य 100 धरून त्याचा अंश पुढे पाठवतात. मोजणीवाल्यांना तो हिशेब त्रासाचा असला, तरी मला तो जास्त चोख वाटतो.

गावनिहाय आकडे या पत्रकात नाहीत, ही गोष्ट सातारकरांना नक्कीच खटकेल. ते काम तेथे पक्षांचे कार्यकर्ते करतात. पेट्या उघडल्या की ते कठड्यावर ओणवे होऊन, मतपत्रिका उलगडल्या जात असताना प्रत्येकीवरची पहिली पसंती कागदावर टिपतात, आणि गंमत म्हणजे एरवी एकमेकांशी भांडणारे पक्ष ही टिपणे आपसात वाटूनही घेतात. आपल्याकडे असे घडल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

वाचणाऱ्यांसाठी एक व्यावहारिक सूचना. फोनवर ही पत्रके वाचू नयेत, आणि साध्या आकाराच्या कागदावर छापून घेऊ नयेत. पोवई नाक्याजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात मी तशी छापून घेतली आणि घरी येऊन, जुन्या सवयीने, प्रत्येक रकान्याची बेरीज करून पाहिली. पहिले काही रकाने वैध मतांशी तंतोतंत जुळले, नंतरच्यांत मात्र मते कमी पडू लागली आणि फेरीगणिक तूट वाढत गेली. संध्याकाळी पुन्हा नाक्यावर जाऊन मोठ्या कागदावर प्रत काढली, तेव्हा कळले की तळाची एक ओळ पहिल्या छपाईत कापली गेली होती. पुढची पसंतीच लिहिलेली नसल्याने कोणाकडेही न जाऊ शकलेल्या मतपत्रिका त्या ओळीत होत्या. ती धरून दुकानाच्या फळीवरच पुन्हा बेरीज केली, आणि शेवटच्या फेरीपर्यंत ती जुळली.