तापकीर गल्लीतला पिवळा मल्टिमीटर: जुनी बाईक घेतली असेल तर आधी हा घ्या

पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीत अडीचशे-तीनशेला जो डीटी-८३० टाइपचा पिवळा मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज-करंट मोजायचा छोटा मीटर, मिळतो ना, तो सेकंडहॅन्ड गाडी असलेल्या प्रत्येकाकडे पाहिजेच असं माझं ठाम मत झालंय. माझी गाडी दीडशे सीसीची, आधीच्या मालकाने मोठे हॉर्न, फॉग लॅम्प, अलार्म काय काय लावून परत काढलेलं, वायरिंगला जागोजागी काळी टेप. रोज चालवूनही सकाळी सेल्फ मारला की नुसतं टकटक टकटक. एका गॅरेजवाल्याने सीटसुद्धा न उघडता सांगितलं, बॅटरी आणि रेग्युलेटर (इंजिनाची वीज बॅटरीला योग्य व्होल्टेजने देणारा पार्ट) दोन्ही नवीन टाकावे लागतील. न तपासता पार्ट बदलायचा हे मला पटतच नाही, पैसे जातात आणि फॉल्ट तिथेच राहतो.

मीटर डीसी २० वर (बॅटरीचं व्होल्टेज मोजायची, २० व्होल्टपर्यंतची रेंज) ठेवून बॅटरी बघितली तर १२.१ व्होल्ट. फुल चार्ज असेल तर १२.६ ते १२.८ दाखवते, म्हणजे बॅटरी मेलेली नव्हती, तिला मिळतच नव्हतं. किक मारून रेस दिली, १४ च्या आसपास यायला पाहिजे तर १३ च्या वर आकडा जाईना. इथेच बरेच जण रेग्युलेटर बदलून मोकळे होतात. मी आधी स्टेटरच्या (इंजिनातली वीज तयार करणारी कॉइल) तीन पिवळ्या वायरींचा कपलर, म्हणजे वायरी जोडायचा प्लास्टिकचा सॉकेट, सोडवून एसी २०० वर दोन-दोन वायरी करून चेक केल्या, तिन्ही जोड्यांना रीडिंग सारखं, कॉइल ओके. मग कपलर परत लावून लाल प्रोब (मीटरची टोकदार वायर) रेग्युलेटरच्या प्लसला मागून घुसवला, काळा थेट बॅटरीच्या प्लसला आणि मित्राला रेस द्यायला लावली. एकाच वायरची दोन टोकं ती, जवळपास शून्य दिसायला हवं, दिसले १.३ व्होल्ट! रेग्युलेटर बिचारा पूर्ण देत होता, वाटेत खाल्लं जात होतं.

त्या वायरवरचा साइड पॅनलच्या आतला कपलर हातात घेतला तर पांढरं प्लास्टिक एका पिनभोवती तपकिरी होऊन ठिसूळ झालेलं, पिनवर हिरवा गंज आणि शेजारीच फॉग लॅम्पची वायर सोलून, पिळून जोडलेली, सोल्डर नाही काही नाही, वर फक्त टेप. पुण्याच्या पावसात त्यात पाणी जाणारच. नाना पेठेतून नवीन कपलर आणि पिना आणल्या, क्रिम्प करून (पिना वायरवर पक्कडीने दाबून) बसवल्या, आता रेसवर १४.२ येतं. आणि एप्रिल २०१७ पासूनच्या गाड्यांना हेडलाइटचा स्विचच नाही, लाइट कायम चालू, त्यामुळे चार्जिंग जरा जरी कमी पडलं तरी बॅटरी लगेच बसते.

आता मीटरबद्दल. व्होल्टेजला एकदम भरवशाचा. पण प्रोबच्या वायरी फारच बारीक, मुळाशी तुटतात. डिस्प्लेला लाइट नाही, पार्किंगमध्ये मोबाईलचा टॉर्च धरावा लागतो. बंद करायचा राहिला तर आतली ९ व्होल्टची बॅटरी संपते कारण आपोआप बंद होत नाही. स्पार्क प्लगच्या वायरजवळ नेला की आकडे वेडेवाकडे नाचतात, लांब धरा.

आणि हे नीट वाचा, १० अँपिअरच्या भोकाला बहुतेक पीसमध्ये फ्यूज नसतो, तसं त्यावरच छापलेलं असतं. चावी बंद असताना बॅटरी कोण पितंय हे बघायला ते भोक वापरतात, बॅटरीची मायनस वायर सोडवून मध्ये मीटर लावून (सिरीजला), आणि तेव्हा सेल्फ अजिबात मारायचा नाही. काम झालं की लाल वायर लगेच व्होल्टच्या भोकात परत घाला, तशीच ठेवून बॅटरीच्या दोन टोकांना लावली तर सरळ शॉर्ट, ठिणगी आणि हात भाजणार.

घेताना दुकानातच प्रोब एकमेकांना टेकवून बीप वाजतो का बघा, काही पीसमध्ये बीपच नसतो आणि तुटलेली वायर शोधताना सीटखाली डोकं घालून स्क्रीन बघत बसणं फार कटकटीचं. जमलं तर जाड प्रोब आणि दोन क्रोकोडाइल क्लिपा तिथूनच वेगळ्या घ्या.